तांब्याच्या तारेवरचं भांडण

आमच्या खिडकीसमोरून टेलिफोनची जुनी तार जाते. तिच्याकडे पाहताना मला वाटायचं, या तारेने गावात सगळ्यांना काही ना काही दिलं, फक्त माझ्या बायकोला नाही. सुधाला जन्मापासून ऐकू येत नाही. मुलगी नोकरीसाठी परगावी गेली, तेव्हापासून फोन मी घ्यायचो आणि तिचं अर्ध्या तासाचं बोलणं सुधाला चार खुणांत उरकून सांगायचो.

मग कळलं की याच तारेवरून वेगवान इंटरनेट मिळतं आणि त्यावर बोलणारं माणूस पडद्यावर दिसतं, म्हणजे खुणांनीही बोलता येतं. आम्ही दोघं टेलिफोन ऑफिसात गेलो. तिथले साहेब म्हणाले, "तुमचं घर फार लांब पडतं. एवढ्या जुन्या तारेवर चित्र दिसायचं नाही."

मी उठलो. सुधा उठली नाही. तिने कागदावर लिहिलं, "आधी जोडून बघा, मग नाही म्हणा."

लाइनमनने खांबाखांबावरचे गंजलेले जोड नवे केले, फोनशेजारी मोडेम बसवला. तार तीच होती. तिच्याकडे एवढं मागायचं धाडस तोवर कुणी केलं नव्हतं, इतकंच.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर मुलगी दिसली. जरा अडखळत, पण दिसली. तिने खुणेनं पहिलंच विचारलं, "आई, गुडघ्याचं ऑपरेशन का टाळतेस?"

सुधाचे हात सपासप चालू लागले. मायलेकी कडकडून भांडल्या आणि खोलीत चकार शब्द उमटला नाही. मी समजूत घालायला मध्ये पडलो, तर सुधाने दाराकडे बोट दाखवून खुणेनं बजावलं,

"तुम्ही बाहेर बसा. आमचं आम्ही बोलतोय."