केशरबाईचे छत्तीस श्वास

नरसिंगनं बत्तीस वर्षं वसमतच्या मोंढा बाजारात हळदीची पोती उचलली. पण त्याचं नाव होतं ते मोजण्यात. पोतं काट्यावर चढायच्या आधी रिकामा काटा शून्यावर आहे का, हे तो वाकून बघायचा. शंका आली की स्वतःच काट्यावर उभा राहायचा. त्याचं वजन सगळ्या आडत्यांना पाठ होतं, त्रेसष्ट किलो. काटा पासष्ट म्हणाला तर काटा खोटा. आडते त्याला पाठीमागं शिव्या देत आणि समोर चहा पाजत.

मोंढा सुटल्यावर दोन वर्षांनी त्याच्या बायकोला, केशरबाईला, न्यूमोनिया झाला. लेक करुणानं तिला हिंगोलीतल्या एका खासगी दवाखान्यात भरती केलं आणि दुसऱ्या दिवशी ती आपल्या शाळेवर गेली. खाटेजवळ नरसिंग राहिला.

खाटेच्या डोक्याशी टीव्हीसारखं यंत्र होतं. त्यावर हिरवी रेघ आणि निळा आकडा. तिथून निघालेला चिमटा केशरबाईच्या बोटाला, आणि नाकात ऑक्सिजनची नळी.

"बाबा, हे चोवीस तास लक्ष ठेवतं. तुम्ही निवांत बसा," नर्स दिपा म्हणाली.

नरसिंगला बरं वाटलं. चोवीस तास राबून चहा न मागणारा गडी त्यानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

सकाळपासून तो गडी ओरडू लागला. चिमटा सरकला की ओरडे, केशरबाईनं हात हलवला की ओरडे, कधी उगीचच. दिपा पहिल्या तीन वेळा धावत आली. चौथ्यांदा चालत आली. पाचव्यांदा तिनं यंत्राचा आवाजच बंद केला.

"सगळ्यांना तकलीफ होते हो याची."

चौदा खाटांना ती एकटी होती, हे खरं. पण राखणीला कुत्रं पाळायचं आणि भुंकतं म्हणून त्याचं तोंड बांधायचं, असा तो कारभार.

दुपारची जेवणं झाली आणि केशरबाईचं बोलणं तुटू लागलं.

"कसं वाटून राहिलं?"

"दम..." ती थांबली. "पुरंना."

यंत्र म्हणत होतं, ऑक्सिजन पंच्याण्णव. नरसिंगनं दिपाला बोलावलं. तिनं आकडा पाहिला, केशरबाईला पाहिलं नाही.

"पंच्याण्णव म्हणजे चांगलं आहे, बाबा."

"सिस्टर, नाकात नळी घालून पंच्याण्णव. मागून दोघांनी हात दिला तर मीबी क्विंटलाचं पोतं उचललं असतं. तिला जोर किती लावावा लागून राहिला, ते कुठं दिसतं?"

"श्वास वेगळे मोजतो आम्ही. कागदावर आहेत," असं म्हणून ती निघून गेली.

कागद खाटेच्या पायथ्याशी लटकत होता. मिनिटाला श्वास वीस. काल वीस, सकाळी वीस. शेजारच्या खाटेवर रामकिशन खिडकीच्या काचा हलतील असा घोरत होता, त्याचेही वीस. नरसिंग पाय मोकळे करायच्या निमित्तानं वॉर्डभर फिरून आला. चौदा खाटा आणि चौदा वेळा वीस. एवढा एकोपा त्यानं भावकीत कधी पाहिला नव्हता.

परत येऊन त्यानं केशरबाईचा कागद पुन्हा पाहिला. चार वाजताच्या रकान्यातही वीस लिहिलेले होते. भिंतीवरच्या घड्याळात तीनला दहा कमी होते. मोंढ्यात पोतं चढायच्या आधी वजन लिहिणाऱ्या एका मापाड्याला त्यानं गल्लीभर पळवलं होतं. इथं कुणाला पळवणार?

तो केशरबाईच्या छातीवर नजर ठेवून उभा राहिला. "लाभ," तो पुटपुटला. मोंढ्यात पहिल्या पोत्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. आकडा चुकू नये म्हणून चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, ही हमालाची रीत. रेघा मारायला कोरा कागद नव्हता. खाटेच्या कागदाला बांधलेला पेन ओढून तो भिंतीवरच रेघा मारू लागला. मिनिट भरलं तेव्हा सात जुड्या आणि वर एक रेघ झाली होती. छत्तीस. त्यानं शेजारी पुन्हा मोजले. छत्तीसच.

माणसाचा दम तुटत होता तेव्हा कुणी तिकडं पाहिलं नव्हतं. भिंतीसाठी दोन मिनिटांत मॅनेजर पुनमचंद आला.

"बाबा, हे काय करून ठेवलं? परवाच रंग दिलाय."

"छत्तीस हायत."

"काय छत्तीस?"

"हिचे श्वास. कागदावर वीस हायत. दोन्हीतलं एक खोटं. तुमीच मोजा."

"मी मॅनेजर आहे."

"काहून, मॅनेजरला मोजता येत न्हाई?"

"डॉक्टरांनाच बोलावतो, थांबा. ते सांगतील तुम्हाला."

"मंग बोलवा ना. नुसतं बोलून काहून राहिले?"

डॉक्टर रविंद्र आले ते भिंतीचा तंटा मिटवायला. पण त्यांनी भिंत सोडून केशरबाईकडं पाहिलं आणि त्यांचे पाय थबकले. घड्याळ समोर धरून ते उभे राहिले. पूर्ण मिनिट. पाव मिनिट मोजून चारनं गुणलं नाही, हे नरसिंगनं ध्यानात घेतलं.

"अडतीस."

"मघा छत्तीस होते," नरसिंग म्हणाला.

मग सगळे पळू लागले. एक्स-रे झाला. फुप्फुसाभोवती पाणी साठलं होतं. केशरबाईला अतिदक्षता विभागात हलवून सुईनं लिटरभर पाणी काढलं.

नरसिंग पिशवी न्यायला वॉर्डात आला, तर दिपा चारच्या रकान्यातले वीस खोडत होती.

"खोडू नका, सिस्टर. डॉक्टरला दिसू द्या."

"चौदा पेशंट आहेत, बाबा. एकेकाला मिनिट कुठून आणू?"

"चौदाला चौदा मिनिटं. न्हाई जमत तर रकाना रिकामा ठेवा. रिकामा दिसला की मालक दुसरी बाई ठेवंल. वीस दिसले की तो भिंतीला रंग देतो."

दिपानं पेन खाली ठेवला.

संध्याकाळी अतिदक्षता विभागातली नर्स हातात घड्याळ घेऊन केशरबाईजवळ उभी राहिली. नरसिंग पायथ्याशी उभा राहून मनात मोजू लागला.

"किती?" त्यानं विचारलं.

"अठ्ठावीस."

त्याचेही अठ्ठावीस होते. त्यानं स्टूल ओढलं आणि दुपारपासून पहिल्यांदा बूड टेकलं.

"जेवले का तुमी? करुणाला फोन केला का? तोंड काहून असं पाडलं?" केशरबाईनं तिन्ही प्रश्न एका दमात विचारले.

नरसिंगनं हात वर करून तिला थांबवलं. त्याचं मोजणं पुन्हा सुरू झालं होतं.