आधी बहिणी बघा

आता त्यांना एजंट म्हणतात. नवी गाडी घेतलेली असते, खिशाला दोन पेनं लावलेली असतात, आणि माझ्या ओसरीवर बसून विचारतात, "बाई, जमीन घेताना आधी काय बघायचं?" सातबारा, नकाशा, रस्ता, पाणी, सगळं त्यांना पाठ असतं. मी सांगते, आधी बहिणी बघा. जमीन विकणाऱ्याला बहिणी किती, त्या कुठे दिल्यात, आणि त्यांना कोणी विचारलं आहे का. ते एकमेकांकडे बघून हसतात. हसोत बापडे. माझ्यावर हसणाऱ्यांची मला साठ सालापासून सवयच झाली आहे.

मी या धंद्यात आले ती मोहल्ल्यात भाड्याच्या खोल्या लावून देता देता. बदली होऊन आलेला कारकून दारात उभा राहायचा, मी त्याला खोली दाखवायची, घरमालकिणीशी बोलून नळाच्या वेळा ठरवून द्यायची. तोवर सगळे मला परोपकारी म्हणत. पुढे शहर पसरायला लागलं, शेतांचे ले-आऊट पडू लागले, मी प्लॉटच्या व्यवहारात शिरले आणि त्या कामाचे पैसे मागितले, त्या दिवसापासून मी दलाल झाले. बाईच्या नावापुढे तो शब्द लागला की लोक कसे बघतात ते मला कोणी शिकवायला नको. आमचे हे सरकारी नोकरीत होते. म्हणाले, "पाटी लावायची तर लाव, पण माझं आडनाव नको." मी पाटीवर आडनाव घातलंच नाही. नुसतं ठळक अक्षरात रंगवून घेतलं: जमिनीचे दलाल, आत चौकशी करावी. शेजारणींनी महिनाभर तोंडं वाकडी केली, आणि मग एकेक करून त्याच आत येऊन चौकशी करून गेल्या.

सीताबर्डीवर एका चहावाल्याच्या बाकांवर दलालांची बैठक असे. सगळे पुरुष. व्यवहार तिथेच ठरत. मी जाऊन बसले की गप्पा थांबत, आणि मी मुद्दाम दुसरा चहा मागवत असे. जमीनवाला आला की बाकीचे एकर विचारत, रस्ता विचारत. मी विचारायची, "तुम्हाला बहिणी किती?"

"बहिणीचं काय काम हाय मधात?" असं उत्तर ठरलेलं. नाहीतर, "तिचं झालं सगळं, लुगडं-चोळी देली तिले."

ही आमच्याकडची रीत. बाप गेला की जमिनीवर भावांची नावं चढतात. बहिणीचा कायद्याने वाटा असतो, म्हणून तिला एकदा कचेरीत नेऊन हक्कसोडावर सही घेतात. सही करताना ती कागद वाचत नाही, कारण भावाच्या हातचा कागद वाचायचा म्हणजे भावावर संशय घेणं. त्या बदल्यात लुगडं-चोळी. त्याचं नाव माया. माझ्याही दोन भावांनी मला असंच एक हिरवं लुगडं नेसवून परत पाठवलं होतं. चांगलं दमदार सूत होतं त्याचं. त्याची पायपुसणी फार वर्षं टिकली.

तर सत्तर सालानंतरची गोष्ट. लकडगंजच्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याला शहराच्या कडेचं एक शेत घ्यायचं होतं. ले-आऊट पाडायचा त्याचा बेत होता, आणि खरेदीचं काम माझ्या हातून झालं तर पुढचे सगळे प्लॉट मीच विकायचे असं बोलणं झालं होतं. दोन-तीन वर्षांचं काम. एवढं मोठं काम त्या बाकांवरच्या एकाही बाप्याकडे नव्हतं.

शेतमालक सरळ माणूस होता. हे मी आजही म्हणते. बाप गेल्यापासून एकट्याने शेती ओढलेली, आता पाठ धरली होती. मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"एकच हाय. कामठीले देली. तिचं काही नाही बाई, ते गाय हाय गाय."

मी दुसऱ्या दिवशी कामठीची बस धरली.

बहीण माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल. शेजारच्या घरात मागाची खटखट चाललेली, त्यामुळे आम्ही जरा मोठ्यानेच बोललो. कोनाड्यात कागदात गुंडाळलेलं नवं लुगडं होतं. भाऊ येऊन देऊन गेला होता.

"मले म्हने, बाबाच्या नावाचे कागद करून राहिलो, तुही एक सही लागते," ती म्हणाली.

मी तिला सांगितलं की ती सही म्हणजे बापाच्या शेतातला तुझा वाटा सोडल्याची सही आहे, शेत विकलं जाणार आहे, तिथे घरं होणार आहेत. ती ऐकत राहिली. मग माझ्यासाठी चहा टाकला. चहा पुढे ठेवून म्हणाली, "मी नाही म्हटलं त माहेर तुटते वं बाई. भाऊबीजेले कोन येईन माह्याकडे?"

मला तिचा राग आला. भावाचा नाही, तिचाच. वर्षातून एक ओवाळणी आणि दिवाळीचे चार दिवस, तेही भाऊ न्यायला आला तर, आणि त्यासाठी ही बापाचं शेत सोडणार! मी फणकाऱ्याने म्हटलं, "तुझं शेत आहे, तू बघ." चहा तसाच टाकून उठले. बसमध्ये बसल्यावर राग ओसरला, पण परत जाऊन सांगण्यासारखं नवं काही माझ्याजवळ नव्हतं. माहेर तुटतं हे खरंच होतं. माझं तुटलेलं नव्हतं ते केवळ मी मुकाट्याने सही केली म्हणून.

रजिस्ट्रीच्या दिवशी ती ते नवं लुगडं नेसूनच आली. भाऊ पुढे, ती मागे. व्यापाऱ्याने मला आधीच बजावलं होतं, "बाई, आज तुम्ही बोलू नका. मी बोलतो." मी भिंतीकडेच्या बाकावर बसले. अर्जनवीसाने कागद पुढे केला, सही कुठे करायची त्यावर बोट ठेवलं. रजिस्ट्री कचेरीतल्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "राजीखुशीने करता ना?" तिने भावाकडे पाहिलं. भावाने मान हलवली. मग तिने मान हलवली.

तेव्हा मी उठले. "साहेब, तिला कागद वाचून दाखवा," मी म्हटलं.

व्यापारी माझ्या अंगावरच आला. "बाई, तुम्हाला धंदा करायचा आहे का नाही?"

"करायचा आहे ना," मी म्हटलं. "म्हणूनच म्हणते. उद्या तुमच्या प्लॉटवर लोक घरं बांधतील, स्लॅब पडेल, आणि हिची पोरं कोर्टात उभी राहतील. तेव्हा लोक तुमच्या दारात येतील आणि माझ्याही. वाचा साहेब, मोठ्याने वाचा."

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण एवढ्या माणसांसमोर नाही म्हणायची सोय राहिली नव्हती. त्यांनी वाचलं. शेताची चतुःसीमा आली, बापाचं नाव आलं, 'माझा कोणताही हक्क राहिला नाही व राहणार नाही' हे वाक्य आलं. तिथे ती म्हणाली, "थांबा."

भावाकडे वळून तिने विहिरीजवळच्या शेताचं विचारलं, "ईरीवालं वावर? जिथं माय निंदाले जाये?"

"हाव."

"त मले काहून नाही सांगतलं तू? मी बाबाचे कागद समजून आलो."

"राबलो मी त्याच्यात! तू कधी येऊन पाह्यलं?"

"तू न्यायले आला तवा आलो. तू नाही आला तवा कशी येऊ?"

भाऊ चिडला, चारचौघांत त्याचा आवाज चढला. "करून टाक सही. नाही त माहेर तुटलं समज आजपासून."

मला वाटलं, संपलं. आता ही रडणार आणि सही करणार. तिने पेन खाली ठेवलं. तिचा शब्द न् शब्द सगळ्या कचेरीला ऐकू गेला.

"तोडत असशीन त तोड बापा. पन मंग माह्या वाट्याचं माहेर मले मोजून दे."

त्या दिवशी सही झाली नाही. पुढे आठवडाभर बोलणी चालली. भाऊ पैसे द्यायला तयार झाला, तिने पैसे नको म्हटलं, तिला जमीन पाहिजे होती. शेवटी व्यापाऱ्यानेच मध्ये पडून ले-आऊटमधला कोपऱ्यावरचा एक प्लॉट तिच्या नावावर आधी करून दिला आणि मग तिने बाकीचं सोडलं. वाट्याच्या मानाने ते कमीच होतं. मी तिला तसं स्पष्ट सांगितलं, भांडायला वकीलही देते म्हटलं. ती म्हणाली, "पुरे झालं मले." तिचं शेत, तिने बघितलं. मला अजून ते पटलेलं नाही.

मला त्या ले-आऊटमधला एकही प्लॉट विकायला मिळाला नाही. सगळं काम बाकांवरच्या एका बाप्याला गेलं. वर सीताबर्डीवर बोभाटा झाला की ही बाई सौदे मोडते, हिला जमीन दाखवू नका. वर्षभर माझी पाटी नुसती धूळ खात होती. आमचे हे म्हणाले, "झालं समाधान?" मी म्हटलं, "झालं." आणि ती पाटी नव्याने रंगवून घेतली. त्यानंतर हळूहळू लोक परत आले, कारण ज्यांनी बहिणींना न विचारता जमिनी घेतल्या होत्या ते कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होते आणि माझी गिऱ्हाइकं आपापल्या घरात निवांत झोपत होती. नव्या एजंटांनो, हे तरी ऐका. चांगुलपणा म्हणून नको, धंदा म्हणून ऐका.

त्या दिवाळीला भाऊ कामठीला गेला नाही. तिने निरोप पाठवला म्हणून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी त्या ले-आऊटवर गेले. अजून सगळं मोकळंच होतं, चुना मारलेले दगड तेवढे रांगेने रोवलेले. तिचा नवरा विटा उतरवून घेत होता. दोन खोल्यांचा पाया आखलेला होता आणि मिस्त्री दोरी धरून उभा होता. पलीकडे शेताच्या बांधाला लागून भावाचं घर. त्याचं आवार विक्रीत नव्हतं, तो अजून तिथेच राहत होता.

"भाऊ बोलला का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. डोळे सुजलेले होते तिचे. रात्रभर रडली असावी.

मिस्त्रीने विचारलं, "बाई, दार पूर्वेले काढू ना? सगळे तसंच काढतात."

तिने डोळे पदराने कोरडे केले आणि भावाच्या घराकडे बोट दाखवलं.

"तिकडं काढा," ती म्हणाली. "सकाळी उठला का मी दिसलो पाह्यजे त्याले."