कोरमकाका

तुमच्या गावची मागची ग्रामसभा कधी झाली, आठवतं का? आठवत नसेल तर ग्रामपंचायतीत जा आणि हजेरीचं रजिस्टर उघडून बघा. तुम्ही सभेला गेला नसाल, तरी तुमची सही तिथे सापडेल अशी बरीच शक्यता आहे.

आमच्या गावात या सह्या आणायचं काम कोरमकाकांकडे होतं. ते ग्रामपंचायतीचे चपराशी. ग्रामसभेला शंभर मतदार हजर लागतात, त्याला सगळे कोरम म्हणतात. तो कधी भरायचा नाही. 'कोरम नाई झाला' हे वाक्य काकांनी इतक्या वेळा उच्चारलं होतं की त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं. अकराला सुरू झालेली सभा वीस-पंचवीस माणसांत आटपायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काका काखेत रजिस्टर मारून घरोघर निघायचे. पेन रजिस्टरला सुतळीने बांधलेलं असे. वरच्या खिशात शाईचा पॅड, आणि अंगठा पुसायला एक चिंधी. लोक चहा पाजायचे आणि सही करायचे. कशावर करतोय, हे कोणी विचारत नसे.

सभेची दवंडीही तेच द्यायचे. सचिवाची नोटीस सरकारी मराठीत असायची, ती काका कधी वाचत नसत. गल्ली पाहून विषय सांगत. नळाच्या टोकाला राहणाऱ्यांना म्हणत, ''पाण्याचा विषय हाय, या बाप्पा हो.'' टोल्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या पंधरा-वीस गोंड घरांच्या वस्तीत, म्हणत, ''घरकुलाची यादी हाय.'' आणि शेवटी सगळीकडे एकच ताकीद: ''आखरीले ऐनवेळचे विषय रायतात. थे कान देऊन आयका. असली सभा तिथंच असते.''

मी तेव्हा लोकप्रशासनात एम.ए. करून वर्ध्याहून परत आलो होतो. त्याआधीचं माझं शिक्षण वडिलांच्या पेटीतल्या चळवळीच्या पत्रकांवर झालं होतं. दोन्हींकडून मला एवढं कळलं होतं की ग्रामसभा सार्वभौम असते. काकांना हे सांगितलं तेव्हा ते अंगण झाडत होते. म्हणाले, ''असन. पन खुर्च्या मलेच मांडा लागतात.''

मग गायरानाचं प्रकरण झालं. गावालगतचं गायरान एका व्यापाऱ्याच्या गोदामासाठी द्यायला हरकत नाही, असा ठराव ऐनवेळच्या विषयांत पास झाला. सभेला माणसं नेहमीप्रमाणे वीस-पंचवीस. कागदावर एकशे सात. टोल्यातल्या सगळ्या शेळ्या त्याच गायरानावर चरतात. दुसरी जागा नाही. ते गेलं तर शेळ्या विकायच्या, इतका तो सरळ हिशेब होता. मी ठरावाची नक्कल काढली आणि टोल्यावर जाऊन हजर असलेल्यांची नावं वाचली. त्यात तिथल्याच सुमनबाई आत्राम यांचा अंगठा होता.

सुमनबाई तशाच ग्रामपंचायतीत आल्या. मी मागोमाग. काका झाडूच मारत होते.

''काऊन भाऊ, मी सभेले गेलती का?''

''नाई.''

''मंग हा अंगठा कोनाचा?''

''तुह्याच.''

''तुमी म्हनलं, हजेरी हाय, लाव. म्या लावला. म्हंजे माह्याच अंगठ्यानं म्या माह्याच शेळ्याईचं रान देऊन टाकलं?''

काकांनी झाडू भिंतीला टेकवला आणि ओट्यावर बसले. सुमनबाई टोल्याकडे परत गेल्या. त्या रागावून गेल्या असत्या तर काकांना सोपं पडलं असतं.

आम्ही काही पोरांनी पत्रक छापलं, मागणी केली, आणि तो ठराव रद्द करण्यासाठी विशेष ग्रामसभा मिळवली. सकाळी अकराला, शाळेच्या आवारात. मी स्वतः मोजले. शहाऐंशी. आमच्या गावात इतकी माणसं सभेला कधीच आली नव्हती, तरी चौदा कमी.

मी काकांना बाजूला घेतलं. ''चौदाच कमी आहेत. रजिस्टर द्या, टोल्यावरून अर्ध्या तासात सह्या आणतो.''

''नाई.''

''काका, हे चांगल्या कामासाठी आहे.''

''त्याईलेबी त्याईचं काम चांगलंच वाटत होतं, बापू.''

मी चिडलो. ''इतकी वर्षं तुम्हीच फिरवलं ना हे रजिस्टर? तत्त्व आजच सुचलं?''

''आजच सुचलं. उशीरच झाला.''

''लोकच उदासीन आहेत, त्याला आपण काय करणार?'' उदासीन हा शब्द माझ्या पुस्तकातला. त्यात त्यावर एक अख्खं प्रकरण होतं.

''उदासीन नाई, वावरात हायेत,'' काका म्हणाले. ''कापूस वेचाचे दिवस हायेत. अकरा वाजता कोन रिकामं बसलं हाय? बायाईची रोजी पाडून तू सभा घेतं अन् वरतून त्याईलेच नावं ठेवतं. बुधवारी ठेव. बाजाराच्या दिवशी वावरात कोनी जात नाई.''

''तोवर व्यापाऱ्याची फाईल वर जाईल.''

''जाऊ दे. खोट्या सह्याईनं तुही फाईल गेली, तं थे अर्ध्या रस्त्यातून वापस येईन.''

सभा बुधवारवर तहकूब झाली. तहकूब सभेला कोरमची अट नसते, हे मी काकांना सांगून पाहिलं. म्हणाले, ''कायद्याले नाई लागत. आपल्याले लागते.'' चार दिवस ते दवंडी देत फिरले. या वेळी सगळ्या गल्ल्यांत एकच विषय, गायरान. व्यापाऱ्याची फाईल त्या चार दिवसांत खरंच वर गेली. मी काकांशी बोलणं टाकलं होतं.

बुधवारी लोक बाजाराच्या पिशव्या घेऊनच आले. पिशव्यांत वांगी, मिरच्या, एकीच्या पिशवीत कोंबडी. एकशे चाळीसच्या वर माणसं. रजिस्टर टेबलावर आणि काका त्याच्या बाजूला उभे. ''पयले बस, आयक, मंग सही कर,'' प्रत्येकाला हेच. सुमनबाईंनी दोन प्रश्न विचारले, हात वर केला आणि शेवटी अंगठा लावला. काकांनी चिंधी पुढे केली. त्यांनी ती घेतली.

गायरान द्यायचा आणि न द्यायचा असे दोन ठराव वर गेल्यावर तालुक्याहून विस्तार अधिकारी चौकशीला आले. त्यांनी दुसऱ्या ठरावावरची पाच नावं निवडून माणसं बोलावली. कोण काय बोललं, कोण कुठे बसलं होतं, पाचही जणांनी सांगितलं. कोंबडीचंही सांगितलं. मग त्यांनी पहिल्या ठरावाबद्दल विचारलं. सचिव छताकडे बघत होते. कोरमकाका पुढे आले. ''थ्या सह्या म्या घरोघरी फिरून घेतल्या साहेब. सभेत नाई झाल्या.''

पहिला ठराव रद्द झाला. काकांना कारणे दाखवा नोटीस आली. सचिवांना आली की नाही, हे मला कधी कळलं नाही. उत्तर मी चांगलं दोन पानांचं लिहून नेलं होतं, कलमांसकट. काकांनी ते ऐकलं, घडी करून खिशात ठेवलं आणि नोटिशीच्या मागे स्वतः लिहिलं: 'सांगतलं म्हणून केलं. आता करत नाई.' त्यांना नळाच्या व्हॉल्ववर टाकलं. निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं त्यांनी तेच काम केलं. आमच्या गल्लीला पाणी कधी उशिरा आलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात काका गेले. गायरान आहे तिथे आहे, शेळ्याही आहेत. गावात नवा चपराशी आला. दिवाळीनंतर एका सकाळी तो काखेत रजिस्टर मारून माझ्या दारात उभा राहिला. पेन सुतळीनेच बांधलेलं होतं.

तुमच्याही दारात तो येईल. त्याच्यावर रागावू नका, त्याला कोणीतरी पाठवलेलं असतं. त्याला बसवा, पाणी द्या. पण सही करू नका. पुढची सभा कधी आहे ते विचारा, ती बाजाराच्या दिवशी ठेवा म्हणून सांगा, आणि त्या दिवशी शेजारच्या घराला घेऊन शेवटच्या विषयापर्यंत बसा. सही तिथे करा.