गॅसचे शॉकप आणि माझी कंबर

राजुरीला आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मुलींपैकी नव्हे, कुणीच नाही. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं, मग बी.एड. केलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं त्याचा उपयोग झाला. आणि खरं सांगायचं तर मला ते सांगायला आवडतं.

लग्न होऊन वारूळवाडीला आले तेव्हा सासरी दोन गोष्टींचं कौतुक होतं. सुनेची डिग्री आणि मुलाची मोटारसायकल. मोटारसायकलचं जरा जास्तच. ह्यांची द्राक्षबाग होती, टोमॅटो होते, पण जीव सगळा त्या गाडीत. मोठ्या इंजिनाची, चकचकीत काळी, लांब पल्ल्याला पळवायची गाडी. मित्रांबरोबर कोकणात जाऊन आलेली. पुढं वारा अडवायला उंच काच लावलेली, टाकीवर चामड्याची बॅग, मागं कॅरिअर, आणि हॉर्न असा की नारायणगावच्या चौकात ट्रकवाले बाजूला व्हायचे. एकच वस्तू मात्र गाडी घरी आली त्याच दिवशी काढून टाकली होती, ती साडीगार्ड. "टूरिंगच्या गाडीला जाळी कसली?" असं म्हणाले होते म्हणे. लग्न ठरल्यावर जाळी पुन्हा शोधायला गेले तर सासूबाईंनी ती परसात उभी करून तिच्यावर दोडक्याचा वेल चढवलेला. नवी आणली ती मापाची नव्हती, तारेनं आवळून बसवली. आमच्या संसाराच्या सुरुवातीला त्या जाळीचा खडखडाट आहे.

नोकरी मला डिंभ्याच्या बाजूला मिळाली. हायस्कूलवर शिक्षणसेवक. तीन वर्षं नीट काढली की कायम. सकाळी एसटीनं मंचर, तिथून घोडेगाव, पुढं मिळेल ती जीप. संध्याकाळची परतीची गाडी आली तर आली. त्यामुळं आठवड्यातले बरेच दिवस हेच सोडायला किंवा आणायला यायचे. मी गाडीवर एका बाजूला बसायचे, दोन्ही पाय डावीकडं, उजवा हात ह्यांच्या खांद्यावर, मांडीवर तपासायच्या वह्यांची पिशवी. आमच्याकडं सगळ्या बायका अशाच बसायच्या. घोडेगाव सोडलं की रस्ता म्हणजे नुसते खड्डे, आणि मागच्या चाकाचे हादरे झेलणारे जुने शॉकप इतके थकलेले की प्रत्येक खड्ड्यात मागून 'ठक्क' असा आवाज यायचा आणि तो माझ्या कंबरेतून मानेपर्यंत जायचा.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मला वर्गात फळ्याकडं वळता येईना. डॉक्टरांनी फोटो काढला. मणक्याला काही नाही म्हणाले, पण हे हादरे थांबवा.

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. त्यांनी एका वाक्यात निकाल दिला. "हादरं थांबवायचं म्हंजी नोकरी थांबवायची. दुसरं काय?"

त्या वाईटपणानं म्हणाल्या नाहीत. टोमॅटोची क्रेट उचलून उचलून त्यांची स्वतःची कंबर गेलेली. उठताना जोत्याला हात लावल्याशिवाय उठता येत नसे. "बाई कंबरंत गेली की संपली, पोरी. पगार काय कंबरंला बांधायचाय?" असं म्हणायच्या. सासरे, म्हणजे मामा, गप्प बसून राहिले. त्यांचं गप्प बसणं हे सासूबाईंचं मत असायचं. मी रात्रभर उताणी पडून विचार केला. नोकरी सोडायची म्हणजे माझ्या दृष्टीनं राजुरीच्या घरातलं ते सगळं शिक्षण परत पेटीत घालून कुलूप लावायचं.

सकाळी हे म्हणाले, "नोकरी कशाला सोडतीस? शॉकप बदलू."

नवीन मॉडेलला तेव्हा गॅसचे शॉकप यायला लागले होते. शेजारी छोटी नळकांडी चिकटवलेली, त्यात गॅस भरलेला. ह्यांनी ते पुण्याहून मिळवले आणि असे छातीशी धरून आणले की मामा म्हणाले, "बारशाला बोलवायचं का न्हाई?"

शॉकप बसवायला नारायणगावच्या गॅरेजात गेलो, तेव्हा मी पण गेले. माझ्या कंबरेचं काम होतं, मी बघणारच. तिथं ह्यांचे चार दोस्त आधीच येऊन बसलेले. शॉकपच्या बुडाला खाचा असतात. पान्यानं फिरवलं की स्प्रिंग आवळते, शॉकप कडक होतो. उलटं फिरवलं की मऊ. मिस्त्रीनं डावा शॉकप शेवटच्या खाचेपर्यंत कडक केला आणि उजवा सगळ्यात मऊ ठेवला.

मी विचारलं, "दोन्ही वेगळे का?"

मिस्त्री हसला. "वहिनी, तुमी बसता डावीकडं. वजन डावीकडं येतं. म्हून डावा कडक."

"सगळेच असं करतात," एक दोस्त म्हणाला. "माझ्या बायकोला मी दोन खाचा वाढवल्यात."

"तुझ्या बायकोला दोन पुरत्यात का राव?" दुसरा म्हणाला, आणि गॅरेज हसण्यात बुडालं.

मी म्हणाले, "पण मागचं चाक एकाच फ्रेमला धरलेलं आहे ना? दोघांनी एक क्रेट धरलं, एकानं जास्त जोर लावला, म्हणून क्रेटचं वजन कमी होतं का? उलट क्रेट तिरकं होतं."

"तुमच्या वहिनी फिजिक्सच्या मास्तरीण हायेत," हे कौतुकानं म्हणाले, आणि डावा शॉकप तसाच कडक ठेवून पैसे देऊन निघाले.

त्या आठवड्यात कंबर आणखी दुखली. शिवाय वळणावर गाडी जरा वेगळीच वाटायची. हे म्हणाले, "नवं हाय, बसंल हळूहळू." मी म्हणाले, "शॉकप बसंल, मी न्हाई बसणार." चिडले की मी पण वारूळवाडीसारखी बोलते.

एका संध्याकाळी शाळेतून आलो तशी मी गाडी अंगणातच उभी करायला लावली. शिवणाचा टेप आणला. "मी बसते, तुम्ही मोजा," म्हटलं. दोन्ही शॉकपांच्या वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंत. आधी मोकळी गाडी, मग मी एका बाजूला बसून. हे गुडघ्यावर बसले, एकदा मोजलं, पुन्हा मोजलं.

"किती?"

"दोनीकडं सारखंच दबतंय," हे पुटपुटले.

"मग डावा कडक करून काय मिळवलं?"

हे टेप गुंडाळायला लागले. शाळेत जायला मी पंजाबी ड्रेस घालायचे, एसटीत चढायला बरा पडतो म्हणून सासूबाईंनी त्याला परवानगी दिलेली होती. तोच अंगावर होता. मी म्हणाले, "आता मी दोन्हीकडं पाय टाकून बसते. तसं पण मोजा."

उजव्या बाजूचं मागचं फूटरेस्ट खाली पडेना. गाडी घेतल्यापासून त्यावर कुणी पाय ठेवलाच नव्हता! पिठासारखा गंज धरलेला. ह्यांनी त्यावर डिझेल टाकलं, पान्याचे चार ठोके दिले, तेव्हा कुरकुरत उघडलं. मी बसले. मोजलं. माप पुन्हा तेवढंच. शॉकपला काही फरक नव्हता. पण मला होता. पाठ सरळ, दोन्ही पायांखाली आधार, कंबरेला पीळ नाही. बसल्या बसल्या मला कळलं की दुखणं निम्मं खड्ड्यांचं होतं आणि निम्मं त्या वाकड्या बसण्याचं. इतके दिवस मी कंबर पिळून, खांदे पुढं वळवून, पिशवी सांभाळत तासभर प्रवास करत होते. दुखेल नाही तर काय?

तेवढ्यात सासूबाई ओसरीवर आल्या.

"उतर. आधी खाली उतर."

"आत्या, माप घेतोय..."

"माप रानात जाऊन घ्या. भर अंगणात सून अशी फाकून बसलीय, वाडी काय म्हणंल?"

मी उतरले. त्या रात्री जेवताना मामांनी फक्त मीठ मागितलं.

मग ह्यांनी मार्ग काढला. असे मार्ग आमच्या भागात बऱ्याच घरांत निघतात, कुणी सांगत नाही एवढंच. घरापासून हायवेवरच्या पेट्रोलपंपापर्यंत मी नेहमीसारखी एका बाजूला बसायची. पंपावर उतरायचं, टांग टाकून बसायचं, पुढं डिंभ्यापर्यंत तसंच. येताना पंपावर पुन्हा एका बाजूला. पंपावरचे एक वयस्कर काका रोज बघायचे. एकदा नळी हातात धरून म्हणाले, "मॅडम, तुमची बदली रोज हितंच व्हती का?"

शॉकप मग मी दोन्ही सारखे करून घेतले. आधी मी सांगितलं, दोन्ही सगळ्यात मऊ ठेवा. मऊ म्हणजे आरामाचं, असं माझं गणित. पण पहिल्याच मोठ्या खड्ड्यात गाडी बुडाला टेकली आणि तोच जुना 'ठक्क' आला. हे मागं वळून म्हणाले, "फिजिक्स?" ह्यांनी तिथंच थांबून दोन्ही मधल्या खाचेवर आणले. ते बरोबर निघालं. पुढच्या शॉकपांतलं तेल पण बदललं, थोडं जाड घातलं. नारायणगावच्या सीटवाल्याकडून मागच्या सीटमध्ये कडक फोम भरून घेतला, कारण मऊ फोममध्ये माणूस रुततो हे मला आता कळलं होतं. वह्यांची पिशवी मांडीवरून गेली, मागं दोन्ही बाजूंना कॅनव्हासच्या पिशव्या आल्या. साडीगार्डची तार ह्यांनी दोनदा आवळली, तरी ती वाजायचीच.

महिन्याभरात मला फळ्याकडं वळता यायला लागलं. एक दिवस नववीच्या वर्गात स्प्रिंगचा धडा शिकवताना मी सगळं शॉकपचं उदाहरण देऊन सांगितलं. एक पोरगी उठून म्हणाली, "बाई, माझे पप्पा पण आईसाठी डावा कडक करत्यात." मी म्हटलं, "उद्या त्यांना टेप घेऊन मोजायला सांग."

आणि मग जे व्हायचं ते झालं. ह्यांची चुलती पंपाशेजारी रिक्षाची वाट बघत उभी होती. मी टांग टाकली ते तिनं बघितलं. आम्ही डिंभ्याला पोचायच्या आत बातमी घरी पोचलेली.

संध्याकाळी सासूबाई ओसरीवर घेवडा निवडत बसल्या होत्या. ह्यांनी गाडी लावली आणि बागेकडं असे सटकले की जणू पाण्याची पाळी आजच होती. मी एकटी समोर उभी राहिले. मनात जुळवणी केली होती. शिव्या दिल्या तर ऐकायच्या, पण नोकरीचं बोलल्या तर बोलायचं.

"बस," त्या म्हणाल्या.

मी बसले. एक शेंग हातात घेतली.

"कंबर कशी हाय?"

"बरी आहे."

"खरं सांग."

"खरंच बरी आहे, आत्या. आता दुखत नाही. फक्त सकाळी घरापासून पंपापर्यंत जरा..."

त्यांनी शेंग मोडली, दोरा ओढला.

"मग पंपापातूर तरी कशाला दुखवून घेतीस?"

मी त्यांच्याकडं बघितलं. त्या शेंगेकडं बघत होत्या.

"मला कुणी सांगितलं न्हाई तवा," त्या म्हणाल्या, "क्रेट असं उचलू नको, तसं उचल. सांगितलं असतं तर आज जोत्याला धरून उठायची पाळी आली नसती. तू बस नीट. लोकांचं मी बघते."

सकाळी मी अंगणात टांग टाकली. चुलती समोरच्या दारात उभीच होती. "आगं बया, बघा की. पुरुषावानी बसली सून."

सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "द्येवानं पाय दोन दिल्यात. दोन बाजूला टाकलं तर काय बिघडलं? तुझी सून बी बसंल, थांब." आणि मग मला, "पदर... ते काय असतं ते, ओढणी. चाकात जाऊ देऊ नको."

तिसरं वर्ष पुरं झालं आणि कायमची ऑर्डर हातात पडली. त्या दिवशी हे न्यायला आले होते. ऑर्डर वाचली, घडी घालून टाकीवरच्या बॅगेत ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा वाचली. घोडेगावच्या अलीकडं एक खड्डा होता, सगळ्यांना माहीत असलेला. ह्यांनी मुद्दाम गाडी त्यात घातली.

"लागलं का?"

"न्हाई."

"बघ. गॅसचे शॉकप."

"शॉकपमुळं न्हाई. मी नीट बसल्यामुळं."

"शॉकपमुळं."

"मग मला अंगणात एका बाजूला बसवून परत मोजा."

"घरी गेल्यावर मोजू," हे म्हणाले आणि हॉर्न वाजवला. समोर रस्त्यावर कुणीच नव्हतं.