उंदरांनी विडी सोडली नव्हती

बाबांच्या खोकल्यावरून मला घड्याळ कळायचं. आगाशीच्या आमच्या घरी पहिली उबळ चहाआधी, दुसरी वाडीत पाणी सोडताना आणि तिसरी जेवून ओटीवर टेकल्यावर. लग्न होऊन मी जवळच्याच एव्हरशाईन वसाहतीत राहायला गेले, तरी रविवारी माहेरी आले की चपला काढतानाच कान द्यायची. गेल्या दोन वर्षांत ह्या उबळींमधलं अंतर कमी होत गेलं. मला भीती वाटायची, आणि भीती वाटली की मी चिडते. हा माझा जुना रोग.

विडी आपल्याला वाडीनं लावली, असं बाबा म्हणत. पानवेलींच्या मांडवाखाली ओल, सावली आणि डास. तोंडात विडी असली की डास फिरकत नाहीत. पंचेचाळीस वर्षं त्यांनी डासांना लांब ठेवलं. मग विरारच्या छातीच्या डॉक्टरांनी नळीत फुंकर मारायला लावली आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "फुफ्फुसातल्या बारीक पिशव्या फाटल्यात. गेलं ते परत येत नाही. विडी सोडलीत तर उरलंय ते टिकेल." बाबांनी विडी सोडली. खरंच सोडली, तीन महिने. त्या दिवसांत ते आईवर, माझ्यावर आणि वाडीतल्या बावखलाच्या तळ्यात ओरडणाऱ्या बेडकांवरसुद्धा खेकसत असत.

मी शाळेत विज्ञान शिकवते. अक्कल पाजळायची हौस धंद्यानेच लागलेली. एका रविवारी मोबाइलवर एक लेख दिसला आणि मी तो मोठ्याने वाचायला घेतला. उंदरांना सिगरेटच्या धुरात ठेवून त्यांची फुफ्फुसं खराब करतात, आणि मग एखादं जुनं अँटिबायोटिक दिलं तर नुकसान कमी होतं का ते बघतात, अशा प्रयोगांबद्दल तो होता. काही उंदरांमध्ये ते कमी झालं होतं. जंतू मेले म्हणून नव्हे, तर ते औषध आतली सूज आणि झीज आवरतं म्हणून, असा अंदाज होता. माणसांबद्दल अजून काही ठरलेलं नाही, हेही लिहिलं होतं. तेही मी वाचलं, पण भरभर.

बाबा सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

"उंदरांचा धूर बंद केलेला का गो?"

"नाही. धूरही चालू, औषधही चालू."

"म्हणजे उंदरांनी विडी सोडली नव्हती."

आम्ही तिघंही हसलो. आई तर डोळे पुसेपर्यंत हसली. बऱ्याच दिवसांनी घरात असं हसू झालं होतं, म्हणून मी आणखी सुटले. औषध कुठलं, त्यांनी विचारलं. टेट्रासायक्लीनच्या घराण्यातलं, मी सांगितलं.

"हे नाव पुडीवर असतं. पानांना मारतो ती."

पानवेलीवर काळे तेलकट डाग पडू लागले की बाबा दुकानातून एक छोटी पुडी आणत आणि फवारणीच्या टाकीत मिसळत. ती पुडी मी लहानपणापासून पाहिली होती, पण तिच्यावरचं नाव कधी वाचलं नव्हतं. त्यांनी वाचलं होतं. मला कौतुक वाटलं. "बरोबर बाबा, तेच घराणं," मी म्हणाले. वर्गात हुशार मुलीला म्हणते तसं, पाठ थोपटल्यासारखं. आज ते वाक्य आठवलं की तोंडात कडू पाणी येतं.

पुढच्या पाच रविवारांत बाबांचा खोकला उतरला. कफ कमी झाला, चेहरा उजळला, बाजारात पानांची पाटी घेऊन जाऊन आले. आईने देवळात नारळ फोडला. मी मनातल्या मनात श्रेय डॉक्टरांनी दिलेल्या इन्हेलरला दिलं, कारण तो घ्यायला मीच भांडून लावलं होतं. सहाव्या रविवारी वाडीत गेले तेव्हा मांडवाखालून धूर येत होता. मी पाय आपटत आत गेले, तर बाबा बुंध्याशी बसून निवांत विडी ओढत होते, आणि शेजारी झाकलेला तांब्या होता.

"औषध चालू आहे ना," ते म्हणाले, जणू मीच वेडी.

तांब्यातलं पाणी पिवळसर होतं. हिशेब त्यांनी वाडीचाच लावला होता. टाकीला पुडी, तर तांब्याला चिमूट. वेलीला रोग पडला म्हणून वेल उपटतो का आपण? औषध मारायचं, वेल वाढतच राहते. ओल काढता येत नाही, सावली काढता येत नाही, मग विडी तरी का काढायची? आमच्या लोकांना हे इतकं सरळ वाटतं की वाद घालायला जागाच सापडत नाही. आयुष्यभर ह्याच हिशेबावर त्यांनी पानं पिकवली आणि त्याच पानांवर मला शिकवलं.

मी ओरडले. ते विष आहे, माणसाचं औषध नाही, किती दिवस घेताय? दीड महिना. मी उरलेल्या पुड्या उचलल्या आणि घरी नेऊन कचऱ्यात टाकल्या. मी निघताना बाबा एवढंच म्हणाले, "डॉक्टरला सांगू नको. हसेल तो. शिकलेल्या पोरीचा बाप वेलीचं औषध पितो, म्हणेल." मी मान डोलावली. खरं सांगायचं तर हसण्याची भीती त्यांच्यापेक्षा मला जास्त होती. घराणं मीच सांगितलं होतं.

पाच आठवड्यांनी ताप आला. बाबांच्या छातीतून आता खोकला येत नव्हता, नुसती घरघर, आणि ओठ जांभळट. रुग्णालयात त्यांना ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी कागद पुढे ओढून विचारलं, "अलीकडे कुठलं अँटिबायोटिक घेतलंय का?" आई माझ्याकडे बघत होती. तिला काहीच ठाऊक नव्हतं. बाबा मास्कच्या आतून माझ्याकडे बघत होते.

"नाही," मी म्हणाले.

दोन दिवस सलाइनमधून औषध गेलं आणि ताप हलला नाही. बाहेरच्या बाकावर बसून मी तोच लेख पुन्हा उघडला. कशासाठी, कोण जाणे. बहुधा त्यात कुठेतरी माझी सुटका सापडेल म्हणून. शेवटचा भाग मी त्या रविवारी वाचलाच नव्हता. फुफ्फुसं सुधारली की नाही हे बघण्यासाठी सगळे उंदीर मारून त्यांची फुफ्फुसं काढली होती. औषध मिळालेले आणि न मिळालेले, दोन्ही. बरा होऊन घरी गेलेला उंदीर त्यात एकही नव्हता.

मी उठले आणि डॉक्टरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. पुडी, तांब्या, चिमूट, दीड महिना. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

"दोन दिवस, बाई," ते म्हणाले. "दोन दिवस मी आंधळ्यासारखा औषध देतोय."

कफाचा अहवाल संध्याकाळी आला. नेहमीची औषधं कफातल्या जंतूंवर चालत नव्हती. "पुडीमुळेच जंतू औषधांना सरावले असं मी म्हणणार नाही, पण मदत नक्कीच झाली नाही," डॉक्टर म्हणाले. एक इंजेक्शन उरलं होतं, ते लागू पडलं. अठराव्या दिवशी बाबा घरी आले, नाकात नळी आणि कोपऱ्यात घरघरणारं ऑक्सिजनचं मशिन घेऊन. निघताना डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेतलं. "पुन्हा हिरवा कफ दिसला तर त्याच दिवशी आणा. आणि पुढच्या वेळी माझ्या हातात काय उरलेलं असेल, ते मला माहीत नाही."

तेव्हापासून मी शाळेतून रजा घेऊन आगाशीलाच आहे. वीज गेली की मशिन बंद पडतं आणि आई सिलिंडरकडे धावते. वाडी भाऊबंदांनी करायला घेतली आहे. बाबा खिडकीशी बसून मांडवाकडे बघतात. विडी मागत नाहीत. आमच्यात त्या "नाही"बद्दल एक अक्षर झालेलं नाही. ते मला दोष देत नाहीत, आणि मला तेच सहन होत नाही.

आज सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा बाबा मोरीत उभे होते, नळी जेमतेम पोहोचेल एवढ्या अंतरावर, भिंतीला हात टेकून. ते तांब्याने पाणी ओतत होते, एक तांब्या, मग दुसरा, घाईघाईने. वळून म्हणाले, "काही नाही गो. चूळ भरत होतो." मी फरशीकडे बघितलं. जाळीपाशी अजून थोडा हिरवा कफ अडकलेला होता.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी रुग्णालयात मास्कच्या आतून बघितलं होतं तसं. मी चहाचा कप खाली ठेवला आणि रिक्षा बोलवायला फोन हातात घेतला.