आईच्या उशामागची भिंत

आमच्या घरात देवघर नव्हतं, पत्रकांचे गठ्ठे होते. अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटतच मी मोठी झाले. ‘न उलगडलेले अनुभव’ छापणाऱ्या अशा सदरात मी लिहीन असं कुणी म्हणालं असतं, तर त्याच्याशी भांडले असते.

बाबा रिटायर झाले, दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सुटलं आणि आम्ही गाझियाबादला फ्लॅट घेतला. समोरच बँक्वेट हॉल. गेल्या हिवाळ्यात वरातीतल्या कुणीतरी खुशीत गोळी झाडली... ती बाल्कनीची काच फोडून आमच्या हॉलमध्ये आली आणि हॉल नि आईच्या खोलीमधलं जिप्समचं पार्टिशन भेदून आईच्या उशीत घुसली. आई तेव्हा स्वयंपाकघरात चहा करत होती. पोलीस ठाण्यात म्हणाले, "शादियों का सीज़न है, मैडम."

तेव्हापासून आई त्या खोलीत झोपेना. मी तक्रारींवर तक्रारी करत होते. बाबांनी पार्टिशनच्या आत जाड स्टीलची प्लेट बसवायला घेतली.

"म्हणजे त्यांनी बंदुका नाचवायच्या आणि आपण भिंती जाड करायच्या?"

"तू क्रांती कर," बाबा म्हणाले. "तोवर तुझ्या आईला झोपू दे."

प्लेट बसली, दोन्हीकडून बोर्ड लागले, रंगही झाला. तरी आई जाईना. शेवटी मीच तिला हाताला धरून नेलं. "आता बिल्कुल सेफ आहे, आई. माझ्यावर विश्वास ठेव."

त्याच संध्याकाळी वरात आली. आई पलंगावर टेकून बसलेली, मी शेजारी. बाहेर धडाधड आवाज... फटाके असतील. आणि मग भिंतीच्या आत ठण्ण — आईच्या डोक्यामागेच.

बाल्कनीची नवी काच शाबूत. हॉलकडच्या बोर्डावर ओरखडा नाही, खोलीकडच्याही नाही. सकाळी बाबांनी हॉलकडचा बोर्ड काढला. प्लेटला मोठा पोचा होता — हॉलच्या बाजूला फुगलेला. म्हणजे मार खोलीतून बसला होता. जिथे आम्ही दोघी होतो, तिथून.

"आधीचाच असेल," मी म्हणाले.

"मी स्वतः बसवलीय. सपाट होती." बाबा बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिले.

कितीजणांना विचारलं, कुणालाच सांगता आलं नाही. मलाही येत नाही. पण उत्तर सापडत नाही म्हणून भूत मानायला मी आजही तयार नाही.

आई आता हॉलमध्ये झोपते, थेट काचेसमोर. मी रोज विनवते, आत चल म्हणून. ती कूस बदलते.

"इथे निदान कुठून येईल ते दिसतं गं."