समोर बघून बोलणारी धनश्री

मी शिकवते त्या अकरावीच्या वर्गात धनश्री आली आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या डोक्यात गेली. बोलताना ही मुलगी माणसाच्या थेट तोंडासमोर येऊन उभी राहायची, ओठ मोठे मोठे हलवायची, आणि आवाज मात्र जेमतेम. मला वाटलं, नाटकी आहे. मग म्हटलं, नाटकी आहे ना, तर नाटकातच घेऊ.

आमची शाळा सुरतेतल्या लिंबायतची, मराठी माध्यमाची. मुलं घरी अहिराणी बोलतात, रस्त्यावर गुजराती, भांडताना हिंदी, आणि मी प्रश्न विचारला की काहीच बोलत नाहीत. पण त्या वर्षी वार्षिक कार्यक्रमासाठी नाटक त्यांनी स्वतः लिहिलं. खानदेशातली एक बाई नवऱ्याला शोधत सुरतेला येते, हातात पत्ता नाही, आणि लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याच्या फाटकावर वॉचमनशी तिची जुंपते. बाई धनश्री, वॉचमन सोनाली.

तालमीत धनश्री वॉचमनला सोडून रिकाम्या खुर्च्यांशीच भांडायची. मी ओरडून थकले. "अगं, तुला अडवलंय कोणी? वॉचमनने ना? मग त्याच्याकडे बघ!" शेवटी ती म्हणाली, "मॅडम, पप्पा येणारेत. त्यांना ऐकू येत नाही. ते ओठ बघतात."

तिचे वडील योगराज उधन्याला लूमवर आहेत. त्या खडखडाटात त्यांचे कान कधीच गेले. तिथे बोलून उपयोग नसतो, म्हणून सगळे ओठ हलवतात आणि हात. वर केलेली मूठ म्हणजे मशीन बंद कर, हवेत गोल फिरवलेलं बोट म्हणजे चालू राहू दे. धनश्री बोलायला शिकली तीच मुळी अशी.

त्या नाटकावर तिचं बरंच काही अडलं होतं. चुलत बहिणी दहावीनंतर घरी बसून साड्यांना टिकल्या लावत होत्या. हिला बारावी करायची होती, कॉलेजात मानसशास्त्र घ्यायचं होतं, पुढे शिक्षिका व्हायचं होतं. योगराज शाळेच्या पायरीवर कधी आले नव्हते. त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "शाळामा काय शिकाडतस ते आधी देखसु. मंग बारावीनं बोलूत."

हे सगळं ऐकूनही मी म्हटलं, "नाटक एका माणसासाठी नसतं, धनश्री." तिने मान हलवली आणि पुढच्या तालमीपासून निमूटपणे सोनालीकडे बघून बोलू लागली. नाटक सुधारलं. तिचं तोंड मात्र उतरलं.

कार्यक्रम समाजाच्या वाडीत, म्हणजे लग्नकार्याच्या हॉलमध्ये होता. पुढे पाहुणे, ट्रस्टी आणि मी. मागे सगळे पालक, पाळी बदलून थेट आलेले, काहींच्या केसांत अजून धाग्यांचे तंतू. योगराज बाजूच्या भिंतीला टेकून उभे होते. नाटक छान सुरू झालं आणि नेमकी एक वरात वाडीच्या फाटकासमोर येऊन थांबली. लग्नसराईत डीजेला कोण अडवणार? खिडक्या थरथरल्या. माइकचा आवाज त्यात बुडून गेला. सोनाली वाक्य विसरून माझ्याकडे बघू लागली. मीही काय करणार? मी पडदा पाडायला हात वर केला.

तेवढ्यात धनश्रीने सोनालीकडे पाठ केली आणि लोकांकडे तोंड करून बोलायला लागली. ओठ मोठे, हात मोकळे. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. पण मागे हशा पिकला, आणि तोही बरोबर वॉचमनच्या मिशीवरच्या वाक्याला! शेजारी बसलेल्या ट्रस्टींनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "काय म्हणाली?" मी मागे वळून बघितलं. सगळी लूमवाली माणसं तिच्या ओठांवर नजर लावून बसली होती. डीजे त्यांच्या लेखी नव्हताच. "माझ्या माणसाची हाक मी लाखात ओळखते, पण इथे हाक ऐकू यायची कशी?" या वाक्याला रांगाच्या रांगा डोळे पुसू लागल्या. बावीस वर्षं शिकवतेय, असं काही मी पाहिलं नव्हतं. मी वर केलेला हात हळूच खाली घेतला.

नाटक संपल्यावर मी योगराजांना दारात गाठलं आणि त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "बारावीचं काय ठरवलंत?"

धनश्रीने माझी बाही ओढली. "मॅडम, ओरडू नका. समोर उभ्या राहा."

मी समोर उभी राहिले, ओठ मोठे केले आणि विचारलं, "बारावी?"

योगराजांनी माझ्याकडे बघितलं, मग लेकीकडे. मूठ वळलेला हात वर गेला. मग त्यांनी एक बोट उघडलं आणि हवेत गोल फिरवलं, एकदा, पुन्हा, पुन्हा.

अख्ख्या वाडीसमोर न डगमगलेली पोर भिंतीकडे तोंड करून हुंदके देत काहीतरी बोलू लागली. योगराजांनी तिच्या खांद्याला धरून तिला वळवलं.

"मन्हाकडे तोंड कर, बेटा," ते म्हणाले. "काय म्हणी ऱ्हायनी, माले दिसत नही."